पाटाच्या मोरीपाशी थांबणारी घोडी

नाशिकजवळच्या मखमलाबादहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"आमची लेक चौदा वर्षांची. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून तिच्यासाठी घोडी आणली. अंगानं लहान, ५४ इंच उंच, वय सात वर्षं. नाव चिमणी ठेवलं. आधी दोन वर्षं ती वरातीत चालत होती. 'बँड वाजो नाहीतर फटाके फुटो, जागची हलत नाही,' असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मळ्यात घरापुढच्या मोकळ्या जागेत लेक तिला कशीही फिरवते, सगळं ऐकते. पण फाटकाबाहेर रपेटीला निघालं की अंग चोरते. द्राक्षबागेत ब्लोअर (ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंखा) चालू असला की थरथरते. पाटाच्या मोरीपाशी (कालव्यावरच्या पाईपाच्या छोट्या पुलापाशी) तर हटकून थांबते, गर्रकन वळते आणि घराकडे सुसाट सुटते. दिवाळीनंतर लेक दोनदा पडली, एकदा मनगट मुरगळलं. ओळखीचे एक घोडेवाले म्हणतात, दोन चाबूक ओढा आणि मोरीवरून काढा, एकदा कळलं की कळलं. आमचे हे म्हणतात, विकून टाका. लेक रडते, विकू नका म्हणते, पण हल्ली रिकिबीत पाय टाकताना तिचेच हात कापतात. काय करावं?"

ताई, विकायचं की नाही ते शेवटी बोलू. आधी चाबकाचं बोलतो, कारण तो तुमच्या घरात कुणी तरी उद्या सकाळी उचलेल अशी मला भीती वाटते.

तुमच्या ओळखीच्या घोडेवाल्यांनी सांगितलं तेच मी पंचवीस वर्षांपूर्वी केलं आहे. गिरणारे रस्त्यावर माझा कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा घोडा एका ब्लोअरला बुजला. मी तरुण होतो, रस्त्यावर चार लोक बघत होते. मी तीन फटके ओढले आणि घोडा ब्लोअरजवळून काढला. निघाला. भरधाव निघाला. मला वाटलं, जमलं. पुढच्या आठवड्यात दोन शेतं पलीकडे साधा ट्रॅक्टर चालू झाला आणि माझ्या मांडीखाली घोड्याचं अंग घामानं ओलं झालं. तोवर तो फक्त ब्लोअरला घाबरत होता. माझ्या फटक्यांनी त्याला एवढंच शिकवलं होतं की हा आवाज आला की पाठीवर मार बसतो. आता तो आवाजालाही घाबरत होता आणि मलाही. ते निस्तरायला मला दीड वर्ष लागलं. त्या घोड्यानं मला माफ केलं, पण ते दीड वर्ष मी विसरलेलो नाही. म्हणून तुमच्या लेकीच्या वाट्याला तसं येऊ नये असं मनापासून वाटतं.

चिमणी अडेल नाही. अडेल जनावर कसं दिसतं ते मला ठाऊक आहे: मान खाली, अंग सैल, एक मागचा पाय विसावलेला, 'मी नाही येत जा.' तुम्ही लिहिलंय की मोरीपाशी तिची मान उंच होते, कान टोकदार उभे राहतात, शेपूट दोन पायांत दबते, नाकपुड्या फुगतात. ही भीती आहे ताई. आणि तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर भीतीला कारणही आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग एवढाच त्याला दिसत नाही. जमिनीवरची जवळची वस्तू नीट पाहायची तर त्याला मान खाली घालावी लागते. उन्हातून सावलीत किंवा काळोखाकडे पाहताना त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. आता तुमची मोरी बघा. सकाळचं ऊन, खाली काळं भोक, त्यातून पाण्याचा खळखळाट आणि पायाखाली पोकळ वाजणारा सिमेंटचा पाईप. चिमणीला तिथं खोली कळत नाही, वास वेगळा येतो, आणि नेमकं त्याच क्षणी लेक घाबरून लगाम आवळते. म्हणजे जी गोष्ट पाहण्यासाठी तिनं मान खाली घालायला हवी, ती घालायची मुभाच तिला नसते. मग उरतं काय? पळणं. हजारो वर्षं घोड्याची जात पळूनच जगली आहे. वाघ आहे की नाही याची खात्री करत थांबणारे घोडे मागे राहिले नाहीत.

पण शिकवण्याआधी एक काम करायचं आहे आणि ते टाळू नका. चिमणीला कुठे दुखत नाही ना, ते पाहून घ्या. दुखणारं जनावर जास्त बुजतं. त्याला पळता येईल की नाही याचीच खात्री नसते.

रपेटीवरून आल्यावर खोगीर काढलंत की पाठीकडे बघा. घाम दोन्ही बाजूंना सारखा आलेला हवा. ओल्या पाठीवर मधेच तळहाताएवढा कोरडा ठिपका असेल तर तिथं खोगीर दाबतंय. पांढरे केस उगवले असतील तर ते दाबणं जुनं आहे. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यावर नाही, बोटांनी हळूहळू दाबत मागे जा. कुठे पाठ खाली जाते, कान मागे पडतात, शेपूट फटकारते? लेकीला हे करायला सांगा. मुलांची बोटं हलकी असतात आणि त्यांना धीर असतो. वरातीच्या घोडीला शोभेचं, भरजरी, वजनदार खोगीर असतं, पाठीच्या मापाचा विचार त्यात फारसा नसतो. दोन वर्षं तसलं खोगीर वाहिल्यावर पाठीत जुनं दुखणं असेल तर नवल नाही.

तोंडही बघा. चारा चघळताना गोळे बाहेर पडत असतील, एकाच बाजूनं चावत असेल, लगाम धरताच डोकं झटकत असेल तर दाढांना धारदार कंगोरे आले असतील. पशुवैद्यकाकडून ते कानशीनं घासून घेता येतात, वर्षातून एकदा ते काम होतंच. आणि तुमच्याकडे लगाम आला तो बाजारातून घोडीबरोबरच आला असेल तर त्याची कडी, म्हणजे तोंडात जाणारा लोखंडी तुकडा, आजच्या आज हातात घेऊन बघा. आत काटे असतील तर तो लगाम पुन्हा तिच्या तोंडात घालू नका. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांना काटेरी लगाम लावायला मनाई केली आहे, तरी बाजारात तो सर्रास मिळतो. लेक घाबरून लगाम आवळते तेव्हा काट्यांचा लगाम चिमणीच्या जिभेवर काय करत असेल याचा विचार करा. तिच्या मोरीच्या भीतीला तेवढंही कारण पुरेल. साधी, जाड, गुळगुळीत, मधोमध सांधा असलेली कडी आणा.

डोळेही तपासून घ्या. एका डोळ्यात पांढुरकी झाक असली तर ती त्या बाजूच्या वस्तूंना नेहमी बुजेल.

खाण्याचं तुम्ही लिहिलंत: सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो हरभरा आणि बाजरीची चंदी, वर गूळ. ताई, माया कळते, पण एवढ्याशा घोडीनं दिवसाला तासभर चालायचं आणि खायचं मात्र टांग्याच्या घोड्याचं, हे जमत नाही. तो जोर कुठे तरी बाहेर पडणारच. तिचं वजन अडीचशे किलोच्या आसपास असेल असं मानलं, तर तिला रोज साधारण चार-पाच किलो सुका चारा लागतो: कडबा, सुकं गवत. पोट त्यानं भरायचं. चंदी मूठभर ठेवा आणि एकदम बंद करू नका, आठ-दहा दिवसांत उतरवत आणा. नाहीतर पोटदुखी उठेल. आणि दिवसातले शक्य तितके तास तिला मोकळं सोडा. बावीस तास दावणीला बांधलेली घोडी फाटकाबाहेर पडते तेव्हा तिच्यात कोंडलेलं सगळं एकदम उसळतं. त्यात आपल्याकडची मार्गशीर्ष-पौषातली पहाटेची थंडी. थंडीत घोडी आधीच उड्या मारायच्या बेतात असते. या महिन्यांत रपेट पहाटे नको, नऊनंतर उन्हं तापल्यावर करा.

आता वरातीविषयी, कारण तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग तोच आहे.

'बँडला हलत नाही' हे विकणाऱ्यानं खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. वरातीत तिच्या डोळ्यांना झापडं असतात. दोन्ही बाजूंनी दोघांनी तोंड धरलेलं असतं. पुढे बँड, मागे गर्दी, वळायला जागा नाही, आणि पाय टाकायचा तो मुंगीच्या वेगानं. पळता येतच नाही असं जनावराला एकदा कळलं की ते पळायचा प्रयत्न सोडून देतं आणि दगडासारखं उभं राहतं. बाहेरून ते शांत दिसतं. आत छाती धडधडत असते. तिथं तिनं धीर मिळवला नाही, नुसतं सोसलं. तुमच्याकडे आल्यावर झापडं गेली, तोंड धरणारी माणसं गेली, सोबतीची घोडी असली तर तीही गेली. रस्ता मोकळा, आभाळ मोठं, पाठीवर एक हलकी मुलगी. आयुष्यात पहिल्यांदा तिला पळता येतंय आणि म्हणून ती पळतेय. मला तर यात चांगली खूण दिसते. जी घोडी 'मला भीती वाटते' असं सांगते, तिला शिकवता येतं.

तर शिकवायचं ते हे: मोरीपाशी थांबलं तरी चालतं, बघितलं तरी चालतं, मागे फिरलं तरी चालतं, आणि यातलं काहीही केलं तरी कुणी मारत नाही. एकदा हे तिच्या मनात बसलं की मोरी ती स्वतःहून ओलांडेल.

पहिले दोन आठवडे खोगीर घालूच नका. मोरखी (डोक्यावर चढवायची, तोंडात कडी नसलेली दोरी) आणि दहा-बारा फूट दोरी घ्या, हातात जाड मोजे घाला, दोरी हाताला गुंडाळू नका, आणि चिमणीला चालवत फिरायला न्या. लेकीबरोबर मोठं माणूस हवंच. घोडीच्या समोर उभं राहून ओढू नका. खांद्याशी चाला. सुरुवात अंगणात करा. दोरी सैल सोडून तिला मान खाली घालायला शिकवा: डोक्यामागे बोटांनी हलका दाब द्या, मान इंचभर खाली आली की तत्क्षणी दाब काढा. दहा मिनिटांत तिला कळेल. मान खाली गेली की घोड्याचं अंग सैल पडायला लागतं. हे पुढे रस्त्यावर फार उपयोगी येतं.

शाबासकी म्हणून पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या भागावर, थापा मारू नका. मानेच्या बुडाशी, खांद्यांमध्ये जो उंचवटा असतो तिथं बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी तिथंच खाजवतात आणि तिथं खाजवल्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. लेकीला ठोके मोजायला शिकवा, तिला आवडेल. जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या अंगानं धमनी बोटाला लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. निवांत असताना मिनिटाला तीस ते चाळीसच्या आसपास भरतात. तबेल्यात मोजा, मग फाटकाबाहेर मोजा, मग पाटाजवळ. घोडी वरून शांत दिसतेय आणि ठोके सत्तर आहेत, असं झालं तर लेकीला कळेल की आज इथूनच परतायचं.

मग मोरी. इथं घाई केलीत तर सगळं पाण्यात.

मोरीकडे चालत जा आणि चिमणीचे कान जिथं पहिल्यांदा टोकदार होतील तिथं थांबा. ती थांबायच्या आधी तुम्ही थांबा. चाळीस पावलं दूर असेल, साठ असेल, काही हरकत नाही. दोरी सैल. तुम्ही मोरीकडे टक लावून बघू नका, बांधावरच्या एखाद्या झाडाकडे बघा आणि लांब श्वास सोडा. ती आधी मोरीकडे बघेल, मग तुमच्याकडे. मग कधी तरी, अर्ध्या मिनिटानं किंवा पाच मिनिटांनी, ती मान थोडी खाली सोडेल, फुर्र करून नाकातून हवा सोडेल, जीभ फिरवून ओठ चाटेल. कधी जांभई देईल. त्याच क्षणी गाजराचा तुकडा द्या, वळा आणि परत जा. परत जाणं हेच तिचं मोठं बक्षीस आहे. थोडं मागे जाऊन पुन्हा या. दुसऱ्या खेपेला दोन पावलं पुढे. दिवसाला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि ती मजेत असतानाच घरी या. अजून थोडं जमेल असं तुम्हाला वाटलं की समजा वेळ झाली.

जाताना डाव्या हाताला असलेलं मोरीचं तोंड येताना उजव्या हाताला येतं. आपल्याला तीच मोरी, पण घोडीला ती दुसऱ्या अंगानं दिसते आणि बऱ्याचदा नवीच वाटते. म्हणून 'जाताना आली, येताना का बुजली?' असं विचारू नका. दोन्ही बाजूंनी शिकवा.

मोरीच्या पाईपावर टाप वाजते त्या पोकळ आवाजासाठी अंगणात जुनी दाराची फळी किंवा जाड प्लायवूड टाका, खाली चार विटा नकोत, जमिनीवर सपाट. तिला त्यावरून चालवा. एक पाय ठेवला तरी पुरे. द्राक्षबागेत पावसासाठी अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, शेततळ्याचा निळा-काळा कागद, फडफडणाऱ्या चमकी पट्ट्या, क्रेटची थप्पी, हे सगळं तुमच्या घरीच आहे. घोड्याला निळा आणि पिवळा रंग ठळक दिसतो, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. त्यामुळे निळा ताडपत्रीचा तुकडा तिच्या नजरेत आपल्या कल्पनेपेक्षा जास्त भरतो. कागद आधी घडी करून कोपऱ्यात ठेवा, त्याच्या शेजारी तिचा कडबा ठेवा. दुसऱ्या दिवशी एक घडी उलगडा. असं करत आठवड्यानं तो जमिनीवर पसरलेला असेल आणि चिमणी त्यावर उभी राहून खात असेल. कागद तिच्या अंगावर टाकून 'सवय लावणं' हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तसलं करू नका. ते वरातीचंच दुसरं रूप आहे.

ब्लोअरसाठी एक युक्ती सांगतो, ती मला माझ्या कुमैतानंच शिकवली. घोड्याला त्याच्याकडे येणाऱ्या वस्तूची भीती वाटते, पण दूर जाणाऱ्या वस्तूच्या मागे जाताना त्याची छाती फुगते. शेजारच्या मळ्यातल्या ड्रायव्हरला सांगा, रिकामा ब्लोअर, पंखा बंद ठेवून, रस्त्यानं सावकाश पुढे न्या. चिमणीला पन्नास पावलं मागून चालवत न्या. ट्रॅक्टर थांबला की तुम्ही थांबा, तो निघाला की निघा. दोन-तीन दिवसांत ती अंतर आपणहून कमी करायला लागेल. 'मी त्याला हाकलतेय' असं तिला वाटत असावं. पंखा सुरू करायचा तो फार नंतर, आणि फवारणीचं औषध टाकीत असताना कधीच नाही. तसंही ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर सारख्या फवारण्या असतात, तेव्हा फवारलेल्या बागेच्या बांधावरचं गवत तिला एक घासही खाऊ देऊ नका. शक्य असलं तर ही मोठी शिकवणी बागा उतरल्यावर, एप्रिलमध्ये घ्या. तेव्हा तोडणीची वर्दळ संपलेली असते. आत्ता फक्त मोरी आणि अंगणातलं काम करा.

सोबत हा मोठा आधार आहे. आसपास कुणाकडे म्हातारी, रस्त्याला मुरलेली घोडी असेल तर पहिल्या रपेटी तिच्या मागून करा. चिमणीची नजर मोरीवर कमी आणि पुढच्या घोडीच्या पुठ्ठ्यांवर जास्त राहील. नंतर शेजारी-शेजारी, मग चिमणी पाच पावलं पुढे, मग पुन्हा मागे. घोडी नसेल तर तुमचे हे सायकलवर किंवा पायी चालले तरी चालतं. त्यांनाही चिमणी कळायला लागेल, आणि मला वाटतं विकायचं बोलणं त्यानंच निम्मं कमी होईल. पण अखेरीस तिला एकटीनं जाता यायला हवं, म्हणून सोबतीचं अंतर महिन्याभरात हळूहळू वाढवत न्या.

आता लेक. तिचे हात कापतात हे तिनं तुम्हाला सांगितलं, यात मोठेपणा आहे. कित्येक मोठे स्वार ते लपवतात आणि घोड्यावर राग काढतात.

तिला पुन्हा मांड घालायची आहे ती अंगणातून, आणि स्वतःला वाटेल तेव्हा. हेल्मेट हनुवटीखाली घट्ट बांधलेलं, मोटरसायकलचं नव्हे, घोडेस्वारीचं. टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीत आरपार जाऊन अडकणार नाही. घोडीच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा किंवा जाड सुती दोरी सैल बांधा. भीती वाटली की बोटं त्या पट्ट्यात अडकवायची, लगामाला लटकायचं नाही. एवढ्या एका गोष्टीनं चिमणीचं तोंड मोकळं राहील आणि लेकीलाही धरायला काही तरी मिळेल. थांबवायचं झालं तर दोन्ही लगाम ओढून धरण्यापेक्षा एकाच बाजूचा लगाम हळू गुडघ्याकडे आणायचा. घोडीची मान वळते, मागचे पाय बाजूला सरकतात, पळण्याचा जोर ओसरतो. पण हे अंगणात, चालत असताना, दोन्ही बाजूंनी शंभरदा करून ठेवायला हवं. भरधाव घोडीवर पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही, त्यानं घोडी पडेल.

आणि तिला बोलायला सांगा. भीतीनं माणूस श्वास धरतो आणि धरलेला श्वास घोडीला खोगिरातून कळतो. पाठ असलेलं काहीही मोठ्यानं म्हणायचं. पाढे म्हणा, रामरक्षा म्हणा. माझ्याकडे एक मुलगी शिकायला यायची, ती बुजऱ्या घोड्यावर एकोणतीसचा पाढा म्हणायची. तो तिला नीट येत नसे, त्यामुळे सगळं लक्ष त्यात. घोडा मात्र तिच्या त्या संथ आवाजावर कान मागे-पुढे करत चालायचा.

वाटलं तर उतरावं. उतरणं म्हणजे हार, घोडी 'डोक्यावर बसेल', असं जुने लोक म्हणतात, ते मनावर घेऊ नका. घाबरलेल्या घोडीशेजारी पायी चालणारा स्वार तिला खाली दिसतो, त्याचा वास येतो, त्याच्या आवाजाला धरून ती चालते. मोरी ओलांडून पलीकडे बांधावर पुन्हा चढायचं. बस.

घराकडे सुसाट सुटण्याचं मात्र वेगळं औषध लागतं. रोज त्याच वाटेनं जाऊन त्याच जागेवरून वळू नका, वळायची जागा तिला पाठ होते. घराच्या अलीकडची शेवटची दोनशे पावलं नेहमी चालत. कधी फाटकापर्यंत यावं आणि पुढे निघून जावं, थोडं फिरून मग आत. घरी आल्या आल्या चंदीची पाटी पुढे ठेवू नका. आधी खरारा, पाणी, अर्धा तास उभं राहणं, मग खाणं. पाटी हीच घराची ओढ असते.

रस्ते निवडून घ्या. पाटाकडेचा कच्चा रस्ता, मळ्यांमधले शिवाररस्ते, दरी-मातोरीच्या बाजूची सकाळची निवांत वाट, हे तिच्यासाठी पुष्कळ आहे. गंगापूर रस्ता आणि पेठ रस्ता यावर्षी नाही. डांबरी रस्त्यावर जाणंच झालं तर भडक पट्ट्यांचं जाकीट लेकीनं घालावं आणि मोठं माणूस सोबत असावं. ओझरकडून उडालेली लढाऊ विमानं कधी डोक्यावरून गेली तर तिला लगेच हलवू नका, उभी राहू द्या, आवाज जाऊ द्या.

आता विकायचं. या कामाला तीन-चार महिने धरा. दोन महिन्यांत निदान एवढं दिसायला हवं: ती बुजल्यावर पूर्वीपेक्षा लवकर शांत होते. बुजणं बंद होणार नाही. कमी होईल, लहान होईल. उडी मारून पळायच्या जागी ती एक पाऊल बाजूला घेईल आणि थांबेल. तेवढं झालं तर घोडी ठेवा. ती मागच्या पायांवर उभी राहायला लागली असेल, किंवा दुखणं काढूनही दोन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर लेकीला तिच्यावर बसवू नका, आधी जाणत्या स्वाराकडून काम करून घ्या. आणि कधी विकावीच लागली तर तिच्याविषयी खरं सांगून विका. पुन्हा वरातीत नको.

उद्या नऊ वाजता, खोगीर न घालता, मोरखी आणि दोरी घेऊन निघा. तिचे कान जिथं उभे राहतील तिथं रस्त्याच्या कडेला चिमूटभर चुना टाका. तिनं फुर्र केलं की परत या. पुढच्या रविवारी तसाच दुसरा चुना. मधलं अंतर लेकीनं पावलांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. महिन्यानं ती वही माझ्याकडे पाठवा, मला बघायची आहे.